दहा मिनिटांचं काम

हॉलीवूडच्या चेंबर ऑफ कॉमर्सने १९२०च्या दशकात एक अजब जाहिरात काढली होती. सिनेमात नशीब काढायला उठून इकडे येऊ नका, तळापासून सुरुवात करणाऱ्या लाखभर माणसांतली पाचच वर पोचतात, असा तिचा मथितार्थ. सोबत कामासाठी ताटकळणाऱ्या गर्दीचं छायाचित्र. त्याच्या दहाएक वर्षं आधी मुंबईत दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'साठी जाहिराती देत होते, त्या मात्र 'या' म्हणून. पुरुष आले. स्त्रीभूमिकेसाठी काही केल्या बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून तारामती करावी लागली. ३ मे १९१३ रोजी मुंबईकरांनी पडद्यावर पाहिलेली हरिश्चंद्राची राणी ती हीच. पुढे 'लंकादहन'मध्ये या साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका एकट्याने केल्या.

तिकडे बायकांची रीघ आणि इकडे दुष्काळ. चित्रपटात चार-दोन दृश्यांपुरती दिसणारी नटी म्हणजे कोण, हे दोन्ही ठिकाणी इतकं वेगळं का ठरलं, याचं उत्तर या फरकात आहे. हॉलीवूडमध्ये छोटी भूमिका ही नाव नसलेल्या मुलीची पहिली पायरी होती. आपल्याकडे ती बऱ्याचदा नाव असलेल्या बाईकडे मिनतवारीने मागितली जायची. याचा एक चांगला नमुना बंगळुरू-म्हैसूरच्या मातीत सापडतो, पण तिकडे वळण्याआधी हॉलीवूडचा कारभार थोडा पाहायला हवा.

लॉस एंजेलिसला येणाऱ्या मुलींचं काय होतं, हा १९२०च्या दशकात तिथे सामाजिक प्रश्नच झाला होता. काम मिळवून देणारे दलाल पैसे उकळत, वर आणखी काय काय मागत. बोभाटा फार वाढल्यावर १९२५च्या अखेरीस स्टुडिओंनी मिळून सेंट्रल कास्टिंग कॉर्पोरेशन ही एकच संस्था काढली. एक्स्ट्रांनी तिथे नाव नोंदवायचं आणि संध्याकाळी फोन करायचा. उद्या एखाद्या राजवाड्यात मेजवानी आहे आणि ऐंशी पाहुणे हवेत, असं असलं तर काम. नाहीतर पलीकडून 'नंतर फोन करा' एवढं ऐकायचं आणि पुन्हा नंबर फिरवायचा. यादीत हजारो नावं असत, रोज काम मिळे ते काहीशे लोकांना. मजुरी दिवसाला साधारण पाच डॉलरपासून पंधरा डॉलरपर्यंत. वरचा दर मिळवायचा तर स्वतःचे उंची कपडे लागत. संध्याकाळचा झगा, फरचा कोट, हातमोजे, दागिने, सगळं आपापलं. अशांना 'ड्रेस एक्स्ट्रा' म्हणत.

या ड्रेस एक्स्ट्रांची महाराणी बेस फ्लॉवर्स. टेक्सासमध्ये १८९८ साली जन्मलेली ही उंच, देखणी बाई १९२३च्या सुमारास हॉलीवूडला आली आणि पुढली चाळीसेक वर्षं कॅमेऱ्यासमोरून चालत राहिली. आठशेहून जास्त चित्रपटांत ती आहे. 'इट हॅपन्ड वन नाइट', 'ऑल अबाउट ईव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' असे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारे पाच चित्रपट तिच्या खात्यावर आहेत, आणि बहुतेकांच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. तरी बाई रडत बसली नाही. एक्स्ट्रांची संघटना उभारण्यात ती पुढे होती. कपड्यांचं कपाट आणि वेळेवर हजर राहणं या दोन गोष्टींवर तिने कारकीर्द केली. जुने सिनेमे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या शौकिनांना मागच्या टेबलावर ती दिसली की नायिका दिसल्याहून जास्त आनंद होतो. तो आनंद त्यांना घेता येतो, कारण ते चित्रपट शिल्लक आहेत. या मुद्द्याकडे शेवटी परत यावं लागेल.

आता आपल्याकडे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर काही महिन्यांतच फाळक्यांना 'मोहिनी भस्मासुर'साठी दोन स्त्रिया मिळाल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई, म्हणजे पुढच्या कमळाबाई गोखले. आई पार्वती झाली, जेमतेम तेरा-चौदा वर्षांची मुलगी मोहिनी. फिरत्या नाटक कंपनीत पोट भरणाऱ्या या मायलेकींना अब्रू जाण्याची भीती घालण्यात अर्थ नव्हता. समाजाने ती त्यांना आधीच नाकारली होती. त्यानंतरची पंधरा वर्षं मूकपटांत नट्या आल्या त्या अशाच, समाजाच्या कडेकडेने. गाणाऱ्या घराण्यांतल्या, अँग्लो-इंडियन, बगदादी ज्यू. मद्रासचे टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ साली सरकारने सिनेमाची चौकशी केली, तेव्हाही 'चांगल्या घरच्या' बायका या धंद्यात कशा येतील हा विषय चर्चेत होताच. 'चांगलं घर' म्हणजे काय याची व्याख्या विचारायच्या फंदात कोणी पडलं नाही.

इथे मोहन भवनानी येतात. हा सिंधी तरुण मँचेस्टरला छायाचित्रणाचं तंत्र शिकून आला आणि मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीत दिग्दर्शक झाला. हॉलीवूडसारखी रांग दारात लागणार नाही, तेव्हा नटी आपणच जाऊन शोधायची, हे त्याने लवकर ओळखलं. त्याला पहिली सापडली ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. पुण्यात १९०७ साली जन्मलेली रुबी मायर्स तिथे ऑपरेटर होती. सिनेमाचं विचारलं तेव्हा तिने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि १९२५च्या 'वीर बाला'पासून ती 'सुलोचना' झाली. (मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सुलोचनादीदी येतात, त्या वेगळ्या, त्यांचा काळ बराच नंतरचा.) १९२७च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये भवनानीने तिला आठ सोंगं दिली. त्यांत माळी होता, पोलीस होता, केळी विकणारा होता आणि एक गोरी मडमही होती. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नराहून जास्त आहे अशी वदंता होती. वदंतेचं राहू द्या. देशातली सगळ्यांत महागडी नटी ती होती यात वाद नाही.

भवनानीला मात्र आणखी काही हवं होतं. देखणी नटी एक वेळ मिळेल. सुशिक्षित, नावाजलेल्या कुटुंबातली बाई पडद्यावर आली तर धंद्याचाच दर्जा बदलेल, असा त्याचा हिशोब असावा. कोहिनूर आणि इंपीरियलमधून बाहेर पडून स्वतःची संस्था काढल्यावर १९३०च्या सुमारास त्याने शूद्रकाचं 'मृच्छकटिक' हाती घेतलं. 'वसंतसेना' नावाचा हा मूकपट कन्नड चित्रपटाच्या इतिहासात पहिला मूकपट म्हणून ओळखला जातो. मूकपटाला कसली आली भाषा, असं कोणी विचारील तर ते रास्त आहे. पण त्यातली माणसं पाहिली की कन्नड मंडळी त्यावर हक्क का सांगतात ते कळतं.

वसंतसेना होती एनाक्षी रामाराव. हिमांशू रायच्या 'शिराज'मध्ये ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती बेगम १९२८ साली हिनेच केली होती. दुसरं नाव टी. पी. कैलासम. बंगळुरूच्या कन्नड रंगभूमीला जमिनीवर आणणारा हा नाटककार म्हैसूरच्या एका न्यायाधीशाचा मुलगा, लंडनला भूगर्भशास्त्र शिकून आलेला. नोकरीपेक्षा नाटकात आणि गप्पांत अधिक रमणारा, कन्नडमध्ये इंग्रजी कालवून लिहिलेल्या संवादांनी बंगळुरूच्या मध्यमवर्गाला हसवता हसवता चिमटे काढणारा. आणि तिसरं नाव वाचून आज कोणीही दचकेल. कमलादेवी चट्टोपाध्याय.

कमलादेवी मंगळूरच्या. लहानपणी विधवा झालेल्या आणि पुढे हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांशी, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या धाकट्या भावाशी, पुनर्विवाह केलेल्या. १९२६ साली मद्रासच्या विधिमंडळासाठी त्या उभ्या राहिल्या आणि थोडक्यात पडल्या. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात स्त्रियांना घेतलंच पाहिजे म्हणून त्यांनी गांधीजींशी वाद घातला, मुंबईच्या शेअर बाजारात जाऊन सत्याग्रहाचं मीठ विकलं आणि तुरुंगात गेल्या. ज्या सुमाराला हे चाललं होतं त्याच सुमाराला ही बाई एका मूकपटात तोंडाला रंग लावून उभी राहिली. अंगात धाडस होतं म्हणून, नाटकाचं वेड होतं म्हणून, आणि 'कुलीन बाईने हे करू नये' असं कोणी म्हटलं की तेच करायचं, हा स्वभाव होता म्हणून, असं मला वाटतं. हस्तकला, हातमाग, नाट्यशिक्षण या क्षेत्रांत त्यांनी पुढे डोंगराएवढं काम केलं. त्यांच्या चरित्रात या सिनेमाला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. भारतीय सिनेमाच्या चरित्रात मात्र त्या ओळीला मोठी जागा द्यायला हवी. तुरुंगात जाऊन आलेली, निवडणूक लढवलेली बाई ज्या पडद्यावर दिसते तो पडदा बाटलेला आहे, असं म्हणायला जीभ जरा अडखळतेच.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट इथे टोचावी. 'मृच्छकटिक' आपल्याला देवलांच्या नाटकातून घरच्यासारखं, आणि आपल्या रंगभूमीवरची वसंतसेना बालगंधर्वांसारख्या पुरुषाची. त्या वसंतसेनेवर महाराष्ट्र लट्टू होता. आपण त्या कौतुकात असताना तिकडे म्हैसूर मुलखात वसंतसेना बाईने केली आणि भोवतीच्या भूमिकांतही सुशिक्षित बायका उभ्या राहिल्या. 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक रंगमंचावर आल्या त्या १९३३ साली.

मोठं नाव छोट्या भूमिकेत आणायची भवनानीची ही खोड पुढेही गेली नाही. १९३४च्या 'मजदूर'ची कथा प्रेमचंदांची. त्यात एका किरकोळ भूमिकेत त्याने खुद्द प्रेमचंदांना उभं केलं. पण या खोडीचा सगळ्यांत मोठा फटका, आणि सगळ्यांत मोठा लाभही, एका मराठी बाईला झाला.

१९३१चा मार्च. 'आलम आरा' लागला आणि गल्लोगल्ली बोलपटाशिवाय दुसरं काही कोणी विचारीना. भवनानीचा 'फरेबी जाल' हा मूकपट नेमका तेव्हाच तयार होत होता. त्याला शेपूट म्हणून दहाएक मिनिटांचा बोलता-गाता भाग जोडायचं ठरलं, आणि त्यासाठी हवी होती घरंदाज, शिकलेली, गाता येणारी मुलगी. विचारणा झाली मुंबईचे नामांकित सॉलिसिटर लाड यांच्या मुलीकडे, शालिनीकडे. तिला ते नको होतं. तिने बहिणीचं नाव सुचवलं. बहीण म्हणजे दुर्गा खोटे. जन्म १९०५चा, माहेरी इंग्रजी शाळा आणि सेंट झेवियर्स, सासर गडगंज. पण शेअर बाजारात सासरची संपत्ती बुडाली होती, पदरात दोन मुलगे होते आणि त्या शिकवण्या करून घर चालवायला पाहत होत्या. पैशांची गरज होती, काम दहा मिनिटांचं होतं. गोष्ट काय, आपल्या तुकड्याच्या आगेमागे काय आहे, हे विचारायचं त्यांना सुचलंही नाही.

चित्रपट लागला आणि रस्तोरस्ती जाहिराती झळकल्या. त्यांत लाडांची कन्या आणि खोट्यांची सून असं सगळं गोत्र छापलेलं होतं. मुळात चित्रपट सुमार, वर त्यात नको ते प्रसंग. दहा मिनिटांच्या कामासाठी दोन घराण्यांची नावं भिंतीवर चढली आणि गिरगावापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी त्या बाईला सोलून काढलं. 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात हा सगळा प्रकार आलेला आहे, जिज्ञासूंनी मुळातून वाचावा. हॉलीवूडच्या एक्स्ट्रा मुलीची तक्रार असे की आपलं नाव कुठेच छापत नाहीत. दुर्गाबाईंची आपत्ती अशी की नाव छापलं, आणि केवढं!

तो पडेल चित्रपट पाहणाऱ्यांत एक व्ही. शांताराम होते. कोल्हापूरच्या प्रभातला पहिल्या बोलपटासाठी तारामती हवी होती. तोंड पोळलेल्या बाईला पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणणं सोपं नव्हतं, पण दुर्गाबाई आल्या आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' लागला. जी तारामती एकोणीस वर्षांपूर्वी हॉटेलातल्या पोऱ्याला करावी लागली होती, ती आता सॉलिसिटरच्या मुलीने केली, गाणी स्वतः गाऊन. दहा मिनिटांनी गेलेली अब्रू त्या एका भूमिकेने परत आणली. शांतारामांच्या नजरेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पण तो दहा मिनिटांचा तुकडा नसता तर त्या नजरेला दिसायला काय होतं? भवनानीला आपण या श्रेयाचा वाटा सहसा देत नाही, तो द्यायला हवा.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर बंगळुरूचं एक देणंही सांगून टाकतो. कन्नडचा पहिला प्रदर्शित बोलपट 'सती सुलोचना'. ३ मार्च १९३४ रोजी तो बंगळुरूच्या सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंट थिएटरात लागला. चित्रीकरण मात्र झालं कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. बंगळुरूचे व्यापारी चमनलाल डुंगाजी यांनी पैसा घातला, वाय. व्ही. राव यांनी दिग्दर्शन केलं, सुब्बय्या नायडू, आर. नागेंद्रराव आणि सुलोचनेच्या भूमिकेतली त्रिपुरांबा असा नाटकवाल्यांचा अख्खा ताफा महाराष्ट्रात येऊन राहिला. बोलपटाची यंत्रसामग्री तेव्हा बंगळुरूत नव्हती. मूकपटांच्या काळात हरिभाई देसाईंची सूर्य फिल्म कंपनी तिथे मारधाडीचे चित्रपट काढत असे. आवाज आला आणि सूर्याचा अस्त झाला. दोन्ही गावांतली ही ये-जा आज कोल्हापुरात कोणाच्या ध्यानातही नसते.

त्या सगळ्या बायकांचं पुढे काय झालं? एनाक्षी रामाराव भवनानीशी लग्न करून पडद्यावरून उतरल्या आणि एनाक्षी भवनानी या नावाने त्यांनी भारतीय नृत्यावर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. भवनानी स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनचे पहिले मुख्य निर्माते झाले. चित्रपटाने कमलादेवींना फारसं काही दिलं नाही, त्यांना गरजही नव्हती. गंमत म्हणजे त्यांचे एके काळचे यजमान हरींद्रनाथ उतारवयात हिंदी सिनेमात छोट्या छोट्या भूमिका करू लागले. 'साहिब बीबी और गुलाम'मधले घडीबाबू आणि 'बावर्ची'मधले कुरकुरे आजोबा ते हेच.

आणि सुलोचना? आवाज आला तशी तिची पंचाईत झाली. वर्षभर मेहनत करून तिने हिंदुस्थानी घोटवली, 'माधुरी', 'इंदिरा बी. ए.' हे आपलेच मूकपट बोलते करून पुन्हा गाजवले. पण १९३०चं दशक सरता सरता गर्दी पांगली. मग सुरू झाला तो दुसरा अंक, जो पहिल्यापेक्षा दुप्पट लांब आहे: आई, आजी, मिशनरी शाळेतली बाई, पार्टीतली म्हातारी. एके काळी जिच्या नावावर थिएटर भरायचं ती आता दोन-तीन दृश्यांची धनीण. 'अनारकली' तिने १९२८ साली मूकपटात केली, १९३५ साली बोलपटात केली. १९५३ साली बीना रॉय अनारकली झाली, तेव्हा त्याच कथेत सुलोचना सलीमची आई जोधाबाई होती. त्यानंतर सात वर्षांनी 'मुगल-ए-आझम' आला. त्यातली जोधाबाई दुर्गा खोटे.

भवनानीने शोधलेल्या दोन मुली. एक शिखरावरून छोट्या भूमिकांकडे उतरत आली, दुसरी एका बदनाम छोट्या भूमिकेतून चढत गेली, आणि दोघी अकबराच्या महालात एकाच पायरीवर भेटल्या. दादासाहेब फाळके पुरस्कारही दोघींना मिळाला, सुलोचनाला १९७३चा आणि दुर्गाबाईंना १९८३चा. सुलोचना १९८३च्या ऑक्टोबरात मुंबईत वारली तेव्हा तिच्याजवळ फारसं कोणी नव्हतं. या पुरस्काराची पहिली मानकरी देविकाराणी. स्वेतोस्लाव्ह रोरिक यांच्याशी लग्न करून ती बंगळुरूला आली, कनकपुरा रस्त्यावरच्या ताटगुणी इस्टेटीत राहिली आणि १९९४ साली गेली.

आता बेस फ्लॉवर्सकडे. तिचं काम आजही घरबसल्या पाहता येतं. चौकट थांबवून मागच्या टेबलावर बोट ठेवता येतं. 'वसंतसेना'मध्ये कमलादेवी कशा दिसल्या, 'फरेबी जाल'च्या त्या दहा मिनिटांत दुर्गाबाई नेमक्या काय गायल्या, 'वाइल्डकॅट'मधली आठ सोंगं कशी वठली होती, हे आपण पाहू शकत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. त्यांतले उरले तीसेक, तेही बरेचसे तुकड्यातुकड्यांत. नायट्रेटची ती फिल्म आपोआप सडे, भडकन पेट घेई, आणि तिच्यातली चांदी काढून विकण्यासाठी ती धुवूनही टाकली जाई. नायक-नायिकांची निदान छायाचित्रं छापली गेली. छोट्या भूमिकेतली नटी मात्र फिल्म गेली की पुरतीच गेली. मागे राहिलं हँडबिलावरचं नाव, तेही असलं तर. फाळक्यांच्या फिल्मचे जे थोडे तुकडे आज दिसतात ते पी. के. नायर या एका जिद्दी माणसामुळे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि त्यांनी कुठल्या कुठल्या माळ्यांवरून डबे शोधून आणले.

बंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि बेळगाव, हुबळी, कोल्हापूरकडे नाटक-सिनेमाच्या व्यवसायात असलेल्यांची घरंही. माळ्यावरच्या ट्रंकेत १९३० सालाच्या अलीकडचं-पलीकडचं एखादं हँडबिल, थिएटरचं तिकीट, रंग लावलेल्या आत्याचा किंवा पणजीचा फोटो पडलेला असेल तर तो रद्दीत घालू नका. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयात अशा वस्तू स्वीकारतात. देण्याआधी फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि आठवत असेल ते साल लिहून ठेवा.